बारा वाजून एकेचाळीस

१

व्हॅनच्या डॅशबोर्डवरचं घड्याळ बारा वाजून एकेचाळीस मिनिटं दाखवत होतं. गॅरेजच्या भिंतीवर दहा वाजून पाच मिनिटं झाली होती, माझ्या मनगटावरही तेवढीच. भिंतीवरचं घड्याळ मी दर सोमवारी लावते, तेव्हा चूक व्हॅनची होती. दोन तास छत्तीस मिनिटांची.

मी ती वेळ वहीत टिपली. अकरा वर्षं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढल्यावर हात आपोआप वहीकडे जातो. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला आणि थांबले.

गाडीच्या इंजिनावर एक छोटा संगणक लक्ष ठेवून असतो. काही बिनसलं की तो पिवळा दिवा लावतो आणि एक आकडा स्वतःजवळ साठवून ठेवतो. तो आकडा म्हणजे फॉल्ट कोड. स्कॅनर तो वाचतो. कोड ही तक्रार असते, निदान नव्हे, हे मी गॅरेजमधल्या प्रत्येकाला किमान दहादा सांगितलं आहे.

आज तक्रारच नव्हती. स्कॅनरच्या पडद्यावर अक्षरं आली: एकही कोड नाही.

मी केबल काढून पुन्हा जोडली. एकही कोड नाही.

हा स्कॅनर दहा दिवस दुरुस्तीला गेला होता. त्या दहा दिवसांत हीच व्हॅन दोनदा आली, दोनदा आम्ही ती आंधळेपणाने दुरुस्त केली आणि दोनदा दिवा पुन्हा लागला. काल संध्याकाळी स्कॅनर परत आला. आज एकदाचं कळेल, या आशेवर मी सकाळपासून होते. आणि समोर कोरी पाटी.

"काय म्हणते आमची महाराणी?" मागून आवाज आला.

व्हॅन सिस्टरांची. नर्सची नोकरी सोडून त्यांनी ती घेतली. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या चार रुग्णांना हॉस्पिटलात नेतात आणि परत आणतात. आजही पावणेनऊला त्यांना सोडून, नऊ दहाला गाडी आमच्याकडे लावून, त्या समोर चहा प्यायला गेल्या होत्या. आता बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पाठ ताठ.

"तिसऱ्यांदा आलेय," त्या म्हणाल्या. "आता माझं हजेरीपुस्तकच ठेवा इथे. सिग्नलला थांबलं की ही आचके देऊन बंद पडते. परवा चौकाच्या मध्यभागी पडली. मागे मशीनवरून उतरलेले चार जीव, घामाघूम. एका आजीबाईंनी देवाचं नाव घेतलं, ते गाडीसाठी की स्वतःसाठी, कळलं नाही."

"आज इथे लावली तेव्हा दिवा लागलेला होता?"

"ढळढळीत."

"आणि घड्याळ?"

"घड्याळ बरोबर होतं. तुमच्याकडून गाडी नेली की दर वेळी मीच ते लावते, कारण दर वेळी त्याचे बारा वाजलेले असतात." त्या वाकून आत बघायला लागल्या. "अगं बाई. आजही?"

बॅटरीची तार काढली की या गाडीचा संगणक सगळं विसरतो, कोडसुद्धा. तार पुन्हा जोडली की घड्याळ बारापासून सुरू होतं. म्हणजे तार जोडून एकेचाळीस मिनिटं झाली होती. नऊ वाजून चोवीस मिनिटं. स्कॅनरवर आणखी एक ओळ होती, ती मी दोनदा वाचली. कोड पुसल्यापासून गाडी किती चालली: शून्य.

पुरावा आमच्याच छपराखाली पुसला गेला होता. आमच्यापैकीच कुणीतरी पुसला होता.

२

"कुणीतरी काय म्हणतेस? तात्या!" दादा म्हणाला.

तात्या आमचे जुने मेकॅनिक, दादा माझा थोरला भाऊ. काउंटर, सुटे भाग, गिऱ्हाइकं, सगळं तो बघतो, आणि ज्याला उत्तर सुचायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागतात तो माणूस मठ्ठ असतो असं त्याचं मत आहे. तेव्हा मीही त्याच्या लेखी मठ्ठच.

"कशावरून?"

"अगं, पहिल्या खेपेला सेन्सर कुणी बदलला? तात्याने. दुसऱ्या खेपेला वायर कुणी बदलली? तात्याने. दोन्ही वेळा दिवा घालवायला बॅटरीची तार कुणी काढली? आज तू स्कॅनर लावणार, तोच कोड निघणार, त्याच्या कामाची लाज जाणार. म्हणून त्याने आधीच पुसून टाकलं. चोराच्या मनात चांदणं."

"तू कुठे होतास साडेनऊच्या सुमाराला?"

"मी?" तो हसला. "आता सख्ख्या भावाची उलटतपासणी! सुटे भाग आणायला गेलो होतो. नऊला गेलो, पावणेदहाला तुझ्या पाठोपाठ आलो. दुकानदाराला विचार."

विचारायची गरज नव्हती. खोक्यावर दुकानाचा शिक्का आणि वेळ होती. नऊ सव्वीस. दुकान इथून पंधरा मिनिटांवर.

"हे बघ," दादा खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "सव्वीस वर्षं झाली त्याला इथे. आता त्याच्याने होत नाही. सिस्टरांसारखं गिऱ्हाईक गेलं तर हॉस्पिटलच्या बाकीच्या गाड्याही जातील. एक वाजता जेवायला उठण्याआधी मी त्याला सांगणार आहे, उद्यापासून येऊ नकोस म्हणून. अण्णांना विचारलंय मी. काल."

"अण्णा काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

माझा विश्वास बसेना. अण्णा म्हणजे आमचे वडील, गॅरेज त्यांचं. तात्यांना त्यांनीच हाताला धरून शिकवलं. मी काचेच्या केबिनकडे पाहिलं. अण्णा रोजच्यासारखे टेबलापाशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. टेबलावर फोन, चष्म्याचं घर आणि त्यांचा तो हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर.

त्या स्क्रू ड्रायव्हरबद्दल सांगायला हवं. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. एवढ्यावर अण्णांनी चाळीस वर्षं इंजिनांची दुखणी ओळखली. दूरदूरचे मेकॅनिक गाड्या घेऊन यायचे, 'जरा कान लावा' म्हणायचे. अजूनही आमच्याकडची गाडी अण्णा कान लावून "जाऊ द्या" म्हणाल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही.

मी केबिनमध्ये गेले.

"आल्या शास्त्रज्ञ बाई," अण्णा पान उलटत म्हणाले.

त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीवर काळ्या ग्रीसचा डाग होता.

"अण्णा, कानाला काहीतरी लागलंय."

"बरं बरं," ते म्हणाले आणि खेळाचं पान वाचू लागले.

३

तात्या जीपखाली होते. फक्त पाय दिसत होते, आणि ते पाय माझ्याशी बोलायला तयार नव्हते.

"तात्या, बाहेर या ना जरा."

"बोला तिथूनच, ताई. नट हातात आहे."

मी खाली बसले. "सकाळी व्हॅनच्या बॅटरीची तार तुम्ही काढलीत?"

"नाही."

"मग कुणी?"

पान्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"तुम्ही इथेच होतात. व्हॅन इथून चार पावलांवर आहे. कुणीतरी बॉनेट उघडलं, तार काढली, जोडली."

"मी आठपासून जीपखाली आहे. इथून मला फक्त पाय दिसतात."

"कुणाचे?"

"पायांना नावं नसतात, ताई."

माझा संयम सुटत चालला होता. माझा राग बाहेर दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं तो नाहीच. "तात्या, एक वाजता दादा तुम्हाला कामावरून काढणार आहे. हे तुम्हाला माहीत आहे?"

"कुणकुण लागलीय."

"आणि तरी तुम्ही गप्प?"

ते सरकत बाहेर आले. चेहऱ्यावर तेल, भुवयांत धूळ. बोटं पुसत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ. "ताई, कामाच्या कार्डावर लिहिलं होतं एकशे सतरा. एकशे सतरा म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर. मी सेन्सर बदलला. दिवा आला. वायर बदलली. दिवा आला. माझं कुठे चुकलं ते मला अजून कळलं नाही. ते तुम्ही शोधा. दुसरं काही शोधू नका."

"का?"

"काही गोष्टी उघड्या केल्या की झाकता येत नाहीत," ते म्हणाले आणि पुन्हा जीपखाली गेले.

सरळ प्रश्नाला आडवं उत्तर. घरात, गॅरेजमध्ये, सगळीकडे हेच. प्रयोगशाळेत पाणी निदान खोटं तरी बोलत नसे. पण एक गोष्ट त्यांनी नकळत सांगितली होती: ते स्वतःला वाचवत नव्हते.

आणि ते ज्याला वाचवत होते, त्याच्यासाठी सव्वीस वर्षांची नोकरी सोडायला निघाले होते.

४

माणसं बोलत नव्हती, तेव्हा मी गाडीशी बोलायचं ठरवलं. साडेअकरा झाले होते.

कोड पुसला गेला तरी बिघाड पुसला जात नाही. मी इंजिन चालू केलं आणि स्कॅनरवर चालू आकडे बघत बसले. पाण्याचं तापमान: अठ्ठ्याऐंशी अंश, स्थिर. निरोगी. नव्या सेन्सरचं ते असणारच. पण जुन्याचं काय?

"सिस्टर," मी हाक मारली, "पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर गेला होता? रेडिएटरचा पंखा सतत फिरत होता?"

"छे. काटा मधोमध होता. पंखा नेहमीसारखा, मधूनमधून."

एकशे सतरा म्हणजे सेन्सरकडून विजेचा इतका कमी दाब येतो की संगणकाला पाणी उकळतंय असं वाटतं. घाबरून तो पंखा फिरवतच ठेवतो. पंखा गप्प होता. म्हणजे एकशे सतरा पहिल्या दिवसापासूनच खोटा होता. तात्यांनी कार्डावरच्या कोडचं काम चोख केलं होतं. कार्डच चुकलं होतं.

मग खरं काय होतं? मी दुसरा आकडा पाहिला. इंजिनात हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात जावं लागतं. हवा जास्त झाली तर संगणक पेट्रोल वाढवून तोल सांभाळतो. इंजिन जागच्या जागी धिम्या गतीत चालू असताना संगणक बावीस टक्के जास्त पेट्रोल घालत होता. मी ॲक्सिलरेटर दाबला. बावीसचे चार झाले. सोडला. पुन्हा बावीस.

म्हणजे कुठूनतरी चोरवाटेने हवा आत शिरत होती. गाडी पळताना इंजिन इतकी हवा ओढतं की ती चोरटी हवा त्यात खपून जाते. सिग्नलला थांबलं की तीच जड होते आणि इंजिन गुदमरतं. सिस्टर तीनही खेपांना हेच सांगत होत्या. आम्ही ऐकलं नव्हतं.

मी बॉनेट उघडलं. दादाला कंप्रेसर बंद करायला सांगितला. "दोन मिनिटं," मी म्हणाले. "कुणी बोलू नका."

गॅरेज शांत झालं. आणि मला ते ऐकू आलं. बारीक, सलग, दात आवळून घेतलेल्या श्वासासारखं. स्स्स्स्. हवेच्या जाड रबरी नळीखाली हात घातला तर खालच्या बाजूला, जिथे डोळा पोहोचत नाही तिथे, बोटाच्या पेराएवढी चीर. मी तिच्यावर अंगठा दाबला. आवाज बंद. इंजिनाची थरथर थांबली. अंगठा काढला. स्स्स्स्.

"अरे!" दादा चार पावलांवरून म्हणाला. "हे तर इथपर्यंत ऐकू येतंय!"

हो. इथपर्यंत ऐकू येत होतं. आणि याच बॉनेटवर सकाळी नऊ चोवीसला कुणीतरी वाकलं होतं.

५

नवी नळी दादाच्या कपाटातच होती. ती बसवायला तात्यांना वीस मिनिटं लागणार होती. ते मुकाट्याने कामाला लागले. मी सिस्टरांच्या शेजारी बाकावर बसले.

"स्कॅनर नव्हता तेव्हा पहिल्यांदा कोड कुणी वाचला होता?"

"पेट्रोल पंपावरच्या त्या चष्मेवाल्याने. त्याच्याकडे छोटं यंत्र आहे. त्याने वाचला आणि मी तिथूनच तुम्हाला फोन केला."

"काय सांगितलंत?"

"पी शून्य एकशे सत्तर."

मी वहीत लिहिता लिहिता थांबले. "सतरा?"

"सत्तर हो, सत्तर! सात दशकं! चांगलं लक्षात आहे माझ्या, कारण तो चष्मेवाला म्हणाला, 'मावशी, गाडीने सत्तरी गाठली, आता जपा.' मी म्हटलं, 'मेल्या, गाडीने गाठली असेल, मी नाही.' हाच विनोद मी फोनवर तुमच्याकडेही केला." त्यांनी ओठ मुडपले. "वाया गेला."

"म्हणजे?"

"पलीकडचा माणूस हसलाच नाही. मी सांगितलं, पी शून्य एकशे सत्तर. ते म्हणाले, एकशे सतरा? मी म्हटलं, सत्तर, सत्तर, सत्तरी गाठली तिने. तर म्हणे, 'बरं बरं.' आणि ठेवला फोन."

एकशे सत्तर: हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण बिघडलं आहे. माझ्या अंगठ्याखालची ती चीर. सत्तर आणि सतरा. एक 'त' जास्त, एक काना कमी, आणि दहा दिवस चार आजारी माणसं चौकाचौकात अडकली. आमच्या भाषेतच या दोन आकड्यांमध्ये जेमतेम एका श्वासाचं अंतर आहे. कान तिखट असेल तर पुरे होणारं.

मी काउंटरवर गेले. "दादा, या व्हॅनचं पहिलं कार्ड तू लिहिलंस?"

"कार्डं मीच लिहितो."

"फोन तू घेतला होतास?"

"फोन आला, लिहिलं. इतक्या दिवसांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं?" तो घड्याळाकडे बघत होता. "साडेबारा झाले. नळी बसली की मी तात्याशी बोलतो. तिसऱ्यांदा तूच शोधलंस ना? त्याने नाही."

"त्यांना चुकीचा आकडा मिळाला होता."

"मग पुसून का टाकला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. दहा वाजून दहा मिनिटांपासून, केबिनमधून बाहेर पडल्यापासून होतं. मी ते वहीत लिहिलं नव्हतं, एवढंच.

६

केबिनमध्ये अण्णा शब्दकोडं सोडवत होते. मी दार लावून घेतलं आणि फोनखालची टिपणवही ओढली. वरची काही पानं उलटल्यावर पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: 'सिस्टर. व्हॅन. ११७.'

दादा आणि तात्या आकडे इंग्रजीत लिहितात. मीही. मराठी आकडे या गॅरेजमध्ये एकच माणूस लिहितो.

अण्णांनी वर पाहिलं. खिडकीचा उजेड त्यांच्या चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूवर पडला, आणि मला जे बघायची भीती होती ते दिसलं. डाव्या कानाच्या पाळीवरही काळा डाग होता.

चाळीस वर्षांत त्यांनी तो स्क्रू ड्रायव्हर डाव्या कानाला लावलेला मी पाहिला नाही.

बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. मला आवाज चढवता येत नाही. शाळेत बाई म्हणायच्या, हिला पुढच्या बाकावर बसवा, नाहीतर हिचं उत्तर भिंतच ऐकेल. मी पेन्सिल घेतली आणि ११७ शेजारी लिहिलं: '१७० होतं. सत्तर.' टिपणवही त्यांच्यापुढे सरकवली. मग खिशातला रुमाल काढून त्यांचा उजवा कान पुसला. मग डावा.

रुमालावर दोन काळे ठिपके उमटले. ते त्यांनी पाहिले.

वर पंखा घरघरत होता, आणि तोही बहुधा मलाच ऐकू येत होता.

"संगणक फार हुशार असतो," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा होता. तो गेलं वर्षभर जास्त मोठा आहे. "बिघाड झाला की झाकत बसतो. पेट्रोल वाढव, हे कर, ते कर. त्याची तार काढून त्याला विसरायला लावलं की इंजिन खरं बोलतं. म्हणून काढली मी तार. दोन खेपा झाल्या, तात्याला सापडत नाही, म्हटलं आपण कान लावू. कुणी नसताना."

"कोड पुसला जाईल हे..."

"काय?"

मी लिहिलं: 'कोड?'

"कोडचं डोक्यातच नव्हतं गं. मी कधी कोड वाचलाय?" त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेबलावर थोडा फिरवला. "उजव्या कानाला काही आलं नाही. डाव्यालाही नाही. मला वाटलं, चला, म्हणजे इंजिन ठीक आहे."

"खरंच वाटलं?" हे मी लिहिलं नाही, फक्त म्हटलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते आणि त्यांना कळलं.

"वाटून घेतलं," ते म्हणाले.

आई दोन वर्षं म्हणतेय, कान तपासून घ्या. दोन वर्षं उत्तर एकच: बघू. टीव्हीचा आवाज आठवरून अठरावर गेला तेव्हा मीच पाहिलं होतं. दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, नातीची हाक. मी पाण्यातला क्षाराचा कण मोजणारी बाई. पण वडिलांचं हे एक मोजमाप मी टाळत आले. तेव्हा दोष एकट्या त्यांचा नव्हता. सगळ्यांनीच आपापली तार काढून ठेवली होती.

मी लिहिलं: 'दादाने काल तुम्हाला तात्यांबद्दल काय विचारलं?'

"तात्याबद्दल? काही नाही. टायरबद्दल विचारलं. म्हणाला, टायर काढायचे ना? मी म्हटलं, बरं बरं."

माझा हात कागदावर थांबला. मग मी शक्य तेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'टायर नाही. तात्या. तात्यांना काढायचं ना, असं विचारलं. एक वाजता तो त्यांना काढतोय.'

अण्णांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा वाचलं.

काचेपलीकडे नळी बसली होती. सिस्टर चावी हातात घेऊन व्हॅनच्या दारापाशी उभ्या होत्या. तात्या हात पुसत होते. दादा त्यांच्याकडे निघाला होता, खांदे ताठ. कुणाला काही जड सांगायचं असलं की तो असाच चालतो. एकला दहा कमी होते.

"तात्याने मला सकाळी पाहिलं," अण्णा म्हणाले. "जीपखालून. माझ्या चपला ओळखतो तो. काही बोलला नाही?"

मी मान हलवली. नाही.

"गाढव आहे," ते म्हणाले.

ते उठले. स्क्रू ड्रायव्हर घेतला. मी दार उघडलं, पण वाट काढून द्यावी लागली नाही. दादा, तात्या, सिस्टर, सगळे आपोआप बाजूला झाले, कारण गाडी सुटण्याआधी अण्णा कान लावतात आणि सगळे थांबतात, ही इथली रीत. इंजिन चालू होतं. आता ते एकसारखं, गुळगुळीत चाललं होतं.

अण्णा बॉनेटवर वाकले नाहीत. त्यांनी तो हातभर स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मूठ गरम होती.

"अण्णा?" दादा म्हणाला. "काय झालं? जाऊ द्यायची ना गाडी?"

अण्णांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं, नीट, एकेक शब्द वेचल्यासारखं. आणि मग त्यांना स्वतःलाही ऐकू यावं इतक्या मोठ्याने, सगळ्या गॅरेजला, समोरच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले:

"तार मी काढली, आकडाही मीच चुकवला, तेव्हा तात्या कुठेही जाणार नाही. मला ऐकू येत नाही. उद्या सकाळी मी कान तपासायला जातोय. आणि आजपासून गाडी जाऊ द्यायची की नाही, ते हिला विचारायचं."